रानडुकरासाठी कोणती रायफल? काटोलच्या एका शेतकऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलजवळ अकरा एकर वावर, त्यात चार एकर संत्रा, बाकी तूर आणि सोयाबीन. वडिलांची बारा बोर दुनाळी आता तुमच्या नावावर झाली आहे आणि दुसरं शस्त्र म्हणून रायफलचा परवाना मंजूर झाला आहे. रानडुकरासाठी .३१५ घ्यावी, .३०-०६ घ्यावी, की परदेशी व्हिडिओंमध्ये दिसते तशी .३०८ मिळते का ते पाहावं?

मी .३१५ घ्या म्हणेन. सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाला उघडं शिसं असलेली गोळी वापरा, मचाणावरून मारा आणि ८० मीटरच्या पलीकडे घोडा ओढू नका. हे मी कुठल्या पुस्तकाच्या आधारे सांगत नाही. तीस वर्षांपासून माझ्याकडे परवाना आहे, आणि त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना वनखात्याची परवानगी मिळाली की त्यांच्या वावरात मी जागलीला बसत आलोय. माझ्या हातून चुकाही झाल्या. त्यातल्या दोन पुढे सांगतो, कारण बोर, म्हणजे नळीच्या आतलं माप, निवडायला मी त्या दोन रात्रींतच शिकलो.

आधी कायद्याचं. रायफलचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, आणि या गैरसमजापायी चांगली माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी पाहिली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीवर बंदी आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने बंदच झाले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर लेखी परवानगी मिळू शकते. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करायचा, नुकसानीचा पंचनामा करून घ्यायचा आणि परवानगीचा कागद हातात आल्यावरच मचाण बांधायला घ्यायचं. त्या कागदावरच्या अटी शब्द न् शब्द वाचा. मेलेलं जनावर सरकारचं असतं, त्याचं मटण गावात वाटायचं नसतं. अभयारण्याच्या हद्दीत तर हा विषयच निघत नाही.

आता .३०८. ही वाईट रायफल नाही, पण तुमच्यासाठी नाही. तिचं काडतूस आपल्या लष्कराच्या ७.६२ चं सख्खं भावंड आहे, आणि लष्करी बोर आपल्याकडे प्रतिबंधित असतात. .३०३ चंही तेच. किंबहुना .३१५ जन्मली ती याच कारणाने. इंग्रजांच्या काळात .३०३ सैन्याची होती आणि ती काडतुसं नको त्या हातात जाऊ नयेत म्हणून नागरिकांना वेगळा बोर दिला गेला. त्यासाठी ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर रायफलचं काडतूस घेतलं. पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात, इंग्रज सैन्याच्या ली-एन्फिल्ड रायफलच्या धर्तीच्या बोल्टवर (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावर), हीच रायफल बनत राहिली. भारतात परवान्यावर दिसणाऱ्या रायफलींत आज तीच सगळ्यात ओळखीची आहे. व्हिडिओत पाहिलेल्या ६.५ क्रीडमूरचाही नाद सोडा. लांबवरच्या नेमबाजीसाठी ते काडतूस उत्तम आहे, पण तुमच्या वावराची लांबी तेवढी नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. तुमची एक जागा दुनाळीने घेतली आहे. म्हणजे ही शेवटची जागा आहे. ती भरताना काडतुसं आपल्याकडच्या दुकानात मिळतील का, पाच वर्षांनीही मिळतील का, हे आधी पाहा. जुन्या घराण्यांत अजून .३७५ मॅग्नम आढळते, देखणी आणि जबरदस्त रायफल. पण तिची काडतुसं शोधायला माणसं मुंबई-दिल्ली पालथी घालतात आणि एकेक काडतूस जपून ठेवतात. जी रायफल सरावाला वापरता येत नाही, तिच्याने रात्री जनावरावर नेम धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे डुक्कर कुठे आणि किती लांब दिसतं? काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत ते ओळींमधून येतं आणि तीस-चाळीस मीटरवर दिसतं. तूर कमरेच्या वर गेली की दिसतच नाही, फक्त शेंडे हलतात. सोयाबीन निघाल्यावर किंवा भुईमुगाच्या वावरात साठ-सत्तर मीटरवर स्वच्छ उभं मिळतं. उमरेड-भिवापूरच्या बाजूला नाल्यातून वर येताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन क्षण थांबतं, तेही पन्नासाच्या आत. रामटेक-मौद्याकडे धान दुधावर आला की बांध्यांमध्ये कळप उतरतो, तिथे थोडं लांबून दिसतं, पण चिखलात जनावराचे पाय दिसत नाहीत आणि पाय दिसल्याशिवाय नेम धरता येत नाही. इतक्या वर्षांत शंभर मीटरच्या पुढे गोळी चालवावी अशी वेळ माझ्यावर आली नाही.

हे अंतर डोक्यात ठेवून आकडे पाहा. .३१५ ची गोळी सुमारे १५.८ ग्रॅमची. ती नळीतून सेकंदाला साधारण ६०० ते ६५० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास भरते. .३०-०६ ची नेहमीची १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी ८२० मीटरच्या आसपास वेगाने जाते आणि चार हजार ज्यूलच्या जवळ पोचते. .३७५ मॅग्नम साडेपाच हजारांच्या पुढे. आणि टू-टू, म्हणजे .२२? दीडशे ज्यूलच्या आसपास. टू-टूने डुकराच्या वाटेला जाऊच नका. जनावर मरतं, पण तीन दिवसांनी, कुठल्यातरी नाल्यात, तडफडून.

कागदावर .३०-०६ वरचढ आहे यात वाद नाही. दोनशे मीटरवर मारायचं असतं तर मीही तीच सांगितली असती. पण साठ मीटरवरच्या शंभर किलोच्या डुकराला तीन हजार ज्यूल भरपूर होतात. वरचे हजार ज्यूल डुकराच्या पलीकडे जातात आणि पलीकडे काय आहे ते अंधारात तुम्हाला दिसत नसतं.

माझी पहिली चूक याच जातीची. सावनेरच्या बाजूला एका परिचिताच्या .३०-०६ ने मी एक नर मारला, अंतर पन्नास मीटरही नसेल. काडतूस पूर्ण जॅकेटचं, म्हणजे टोकासकट धातूचं आवरण असलेल्या गोळीचं होतं, कारण दुकानात तेवढंच मिळालं होतं. डुक्कर चाळीस पावलं पळून पडलं. सकाळी पंचनाम्याच्या वेळी पाहिलं तर मागच्या वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्याला भोक. त्या रात्री वीज नव्हती म्हणून शेजारचा शेतकरी पाणी द्यायला आला नव्हता. एरवी रात्रीची लाईट असली की तो त्याच खोलीत झोपायचा. मी पंधरा मिनिटं त्या भोकाकडे पाहत उभा होतो. त्या दिवसापासून पूर्ण जॅकेटची गोळी मी जनावरासाठी नळीत घातलेली नाही, आणि जमिनीवर बसून, आडव्या नळीने, कधीही घोडा ओढलेला नाही.

म्हणून बोर ठरवताना त्याच्याइतकाच गोळीच्या बनावटीचा विचार करा. सॉफ्ट नोज गोळीचं टोक उघड्या शिशाचं असतं. शरीरात शिरल्यावर ते पसरतं, जखम रुंद होते आणि वेग झपाट्याने कमी होतो. .३१५ ची जड, संथ सॉफ्ट नोज गोळी हे काम फार नीट करते. हाडाला लागून तिचे सहसा तुकडे होत नाहीत आणि बाहेर पडलीच तर दम निघालेला असतो. त्यात मचाण बारा-पंधरा फूट उंच असलं की नळी खाली झुकलेली असते आणि पार गेलेली गोळी आपल्या काळ्या मातीत रुतते. रायफलच्या गोळीला मोकळं मैदान मिळालं तर ती तीन किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. आपल्याकडे दर अर्ध्या किलोमीटरवर कुणीतरी जागलीला बसलेलं असतं, गोठ्यात झोपलेलं असतं, बैल बांधलेले असतात. तुमच्या मचाणापासून चारी दिशांना कुणाची जागल आहे, ते दिवसा स्वतः फिरून विचारून या.

आता जनावराच्या अंगाविषयी, कारण इथेच सगळ्यात जास्त गोळ्या वाया जातात. डुकराचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये. वर पाठीवर राठ केसांची आयाळ उभी असते, त्यामुळे अंधारात जनावर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. नवखा माणूस दिसणाऱ्या उंचीच्या मधोमध नेम धरतो आणि गोळी वर लागते. कधीकधी ती मणक्याच्या वरच्या काट्यांना घासून जाते. डुक्कर जागच्या जागी कोसळतं, मचाणावर आनंदीआनंद होतो आणि मिनिटाभरात ते उठून पळून जातं. मी हे दोनदा पाहिलं आहे. नेम धरायचा तो आडव्या उभ्या जनावराच्या पुढच्या पायाची रेघ वर नेऊन, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून येणाऱ्या किंवा ढुंगण केलेल्या डुकरावर गोळी नको. ते वळेपर्यंत थांबा, आणि नाही वळलं तर जाऊ द्या.

वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट तंतूंचं जाड कवच असतं. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, तेव्हा ते त्यांना वाचवतं. त्यावर चिखल वाळलेला असतो. या कवचावरून गोळी घसरते, अशी गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. .३१५ किंवा .३०-०६ च्या गोळीला ते कवच अडवत नाही. हलक्या, अतिवेगवान, पातळ आवरणाच्या गोळ्या मात्र तिथेच फुटून वरवरची मोठी जखम करतात. छर्ऱ्यांचं तर त्या कवचापुढे फारसं चालतच नाही.

यावरून तुमच्या दुनाळीकडे येतो. शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी आधी भरमार (तोंडाकडून दारू ठासायची) बंदूक आणि ती पुरत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक असाच विचार केलेला आहे. बारा बोर पंचवीस मीटरपर्यंत कामाची आहे. संत्र्याच्या बागेत, ओळीच्या तोंडावर बसलात तर हे अंतर मिळतंही. पण एलजीच्या काडतुसात जाड छर्रे सहाच असतात आणि तीस मीटरच्या पुढे ते इतके पसरतात की एखादा पोटात, एखादा मांडीत, एखादा हवेत. माझी दुसरी चूक हीच. तरुण होतो, हिंगण्याच्या बाजूला पंचेचाळीस मीटरवर एका मादीवर एलजी चालवली. ती किंचाळून पळाली. आम्ही सकाळी रक्त शोधलं, थोडं सापडलं, मग काहीच नाही. दोन दिवसांनी कुत्र्यांनी ती शोधून काढली. तिच्या आचळांत दूध होतं, म्हणजे पिलं कुठेतरी होती. ते दृश्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तेव्हापासून पिलांसोबतच्या मादीवर मी नेम धरत नाही, शेतमालक कितीही रागावला तरी.

दुनाळीत एकसंध गोळी, म्हणजे स्लग वापरला तर चित्र बदलतं. साधारण २८ ग्रॅमचं शिसं पन्नास मीटरपर्यंत डुकराला पुरून उरतं. फक्त कुठल्या नळीला किती चोक आहे, म्हणजे ती तोंडाशी किती आवळलेली आहे, ते बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. फुल चोकच्या नळीत तिथे न बसणारी गोळी घातली तर नळी फाटू शकते. पूर्वी गावात शिसं ओतून गोळ्या बनवायचे, तो प्रकार तर अजिबात करू नका.

.३०-०६ तुम्ही घेऊच नये असं मी म्हणत नाही. हिवाळ्यात मोकळ्या हरभऱ्याच्या मोठ्या वावरांत बसणारा, पाठीमागे टेकडी असलेला, दुर्बीण लावून नेम धरायची सवय असलेला माणूस तिचं चीज करेल. तिच्यावर दुर्बीण बसवणंही सोपं जातं. पण ती झटका जास्त देते. नवखा माणूस पाच-सहा काडतुसांनंतर आवाजाआधीच डोळे मिटायला लागतो, आणि एकदा ही सवय लागली की सुटायला वर्ष लागतं. .३१५ चा झटका ढकलल्यासारखा येतो, खांदा तो लवकर शिकतो.

.३१५ चे दोष लपवणार नाही. बहुतेक रायफलींना उघडी माशीच (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) असते, आणि रात्री ती दिसत नाही. माशीवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या, विजेरी नळीच्या खाली पक्की बसवा आणि तिचा उजेड माशीवर हलका पडेल असं पाहा. घोडा जड असतो, तो बोटाच्या पेराने नव्हे तर टोकाच्या गादीने, सावकाश ओढायला शिका. जुन्या साठ्यातलं काडतूस कधीकधी उडत नाही. अशा वेळी नळी जमिनीकडे ठेवून तीस सेकंद मोजा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरं काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा, कारण अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी म्हणजे तुमचा चेहरा गेला. काडतुसं पावसाळ्यात गोठ्यातल्या पेटीत ठेवू नका, घरात, कोरड्या कपाटात, कुलपात ठेवा.

रायफल ८० मीटरवर जुळवून घ्या, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागली पाहिजे. मग पन्नासावर आणि शंभरावर फरक दोन-तीन सेंटिमीटरचा राहतो, म्हणजे विचारच करायला नको. दीडशेवर मात्र गोळी वितेच्या घरात खाली जाते, आणि म्हणूनच मी ८० ची लक्ष्मणरेषा आखून घेतली आहे. परवान्यावर काडतुसांची जी मर्यादा लिहिलेली असते त्यातली निम्मी तरी परवानगी असलेल्या रेंजवर, बसून, मचाणासारख्या टेकूवरून, कागदी लक्ष्यावर खर्च करा. जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात पाचपैकी पाच गोळ्या बसत नाहीत तोपर्यंत वनखात्याकडे अर्जही करू नका. एवढी तयारी आपण त्या जनावराला देणं लागतो.

गोळी लागल्यावर मचाणावरून लगेच उतरायचं नाही. अर्धा तास बसा. डुक्कर तुरीत शिरलं असेल तर उजाडेपर्यंत आत पाय टाकू नका. जखमी नर कमरेएवढ्या पिकात दोन हातांवरूनही दिसत नाही आणि तो येतो तेव्हा माणसाची मांडी फाडतो. शिवाय आपल्या जिल्ह्यात पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या राखीव जंगलांच्या मधल्या झुडपी जंगलांतून वाघ फिरतात, आणि रक्ताचा माग तुमच्याआधी त्यांना लागतो. रानडुक्कर हे वाघाचं अन्न आहे हेही ध्यानात असू द्या. परवानगीत जितकं लिहिलं आहे त्याच्या पुढे एकही नको.

कुंपणात वीज सोडायचा विचार मनात आला असेल तर हात जोडून सांगतो, तो काढून टाका. या तारांनी वाघ मेले, बिबटे मेले आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली आपली माणसंही मेली. सोलरवरचं झटका मशीन वेगळं. ते झटका देतं, जीव घेत नाही. ज्या वावराला ते नीट लावलेलं आहे तिथे मला बोलवायची वेळ क्वचित येते. तुमच्या चार एकर संत्र्याला आधी ते लावा, रायफल त्यानंतर.

तुम्हाला जुनी .३१५ विकत मिळतेय असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. ती जरूर पाहा. नळीच्या तोंडाशी, जिथे गोळी बाहेर पडते तिथे, कड झिजलेली किंवा ठोकर लागलेली नको. नळी पुसून उजेडाकडे धरा, आतल्या पिळदार चऱ्या पूर्ण लांबीभर ठळक दिसल्या पाहिजेत, गंजाचे खड्डे चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं तिथे, जास्त असतात. बोल्टवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर एकच हवा. बोल्ट बदललेला असेल तर जाणत्या कारागिराने चेंबर मोजून दिल्याशिवाय ती चालवू नका. दस्त्याला मानेजवळ चीर असेल तर ती झटक्याने वाढते. विकणाऱ्याचा परवाना, तुमचा परवाना आणि हस्तांतराची परवानगी हे तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी येत नाहीत तोवर विसारही देऊ नका.